जुनी गाडी आणि खरं कळण्याची साधनं

(पोशेरा, तालुका मोखाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पाहून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं जुन्या गाडीवर, आणि तीही स्पोर्ट्स कारवर, काय बोलावं? पण विषय इथल्याच तरुणांनी दिला आहे. मोबाइलवर जुन्या, वेगवान गाड्यांच्या जाहिराती दिसतात. नवी असताना जी दहा-बारा लाखांना होती ती एकदम चार लाखांत दिसते. मग प्रश्न पडतो, घ्यावी का? आणि कर्ज मिळतंय तर काय हरकत आहे?

मला हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच वाटतो. कारण जुनी गाडी विकणाऱ्याला तिच्याबद्दल जे माहीत असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. गाडी तीच, पण एकाला ती कळलेली आहे आणि दुसऱ्याला नाही. या फरकाची किंमत घेणारा मोजतो. म्हणून प्रश्न असा आहे की एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं? आपल्या न्यायशास्त्रानं दोन हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला आणि ज्ञानाची चार साधनं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांना प्रमाणं म्हणतात. आज ही चारही साधनं आपण गाडीला लावून पाहू आणि मग कर्जाकडे वळू.

त्याआधी एक गोष्ट. तुम्हाला हे सगळं नवीन नाही. मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत बैल घेताना तुमचे वडील-आजोबा काय करत होते? मालकानं सांगितलेलं वय ते ऐकून घेत आणि बैलाचं तोंड उघडून दात मोजत. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला, हे दात सांगतात. मग बैल चालवून पाहत, खूर पाहत, खांद्यावरून हात फिरवत. तीच शिस्त गाडीला लावायची आहे. फक्त गाडीचे दात कुठे असतात ते माहीत हवं.

बाजार असा का वागतो

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. समजा बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, चार लाखांच्या लायकीच्या, आणि निम्म्या खराब, दोन लाखांच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत. घेणारा म्हणतो, मला फरक कळत नाही, मी तीन लाख देतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, तीन लाखांत मी देणार नाही, आणि तो निघून जातो. खराब गाडीवाला मात्र आनंदानं थांबतो. म्हणजे बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं. मग घेणारा आणखी कमी भाव सांगतो, आणखी चांगल्या गाड्या बाहेर जातात.

यातून दोन गोष्टी निघतात. गाडी फार स्वस्त दिसली तर आनंदाआधी प्रश्न पडला पाहिजे, ती स्वस्त का आहे? कधी उत्तर साधं असतं. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं 2015 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये बंदीचे आदेश दिले, त्यामुळे तिकडच्या गाड्या कमी भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. कधी उत्तर वाईट असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर, 2021 चा चिपळूणचा पूर, प्रत्येक वेळी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, पॉलिश करून दूरच्या गावात विकता येते. आणि दूरचं गाव म्हणजे आपणच.

दुसरी गोष्ट, चांगल्या गाडीचा मालक पुरावा द्यायला तयार असतो, कारण पुराव्यात त्याचाच फायदा आहे. तपासणीला नाही म्हणणाऱ्या माणसाशी हुज्जत घालू नका. तेवढ्यातच उत्तर मिळालं.

प्रत्यक्ष: डोळे, हात, नाक

गाडी दिवसा पाहायची, कोरडी पाहायची. पावसात भिजलेल्या किंवा आत्ताच धुतलेल्या गाडीचे ओरखडे आणि रंगातला फरक दिसत नाही. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे आवाज आणि जो धूर निघतो तो लपवायचा असेल. गाडी थंड असताना परत येतो, असं सांगा.

दारं, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. बोनेट उघडून मडगार्डचे बोल्ट पाहा. बोल्टच्या कडेचा रंग उडाला असेल तर तो कधीतरी खोलला आहे. टायरच्या कडेला चार अंक असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. गाडी 15 हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि चारही टायर नव्या तारखेचे आहेत, तर विचारा का. टायर आतल्या बाजूनं जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा ठोकलेली चॅसी यांपैकी काहीतरी आहे.

पुराची गाडी नाकाला आधी कळते. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, ओला कुबट वास येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ बेल्टच्या आतल्या भागावर राहिलेली असते. कार्पेट उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का पाहा.

स्पोर्ट्स कारला आणखी एक पाहणी लागते. ती जमिनीला टेकलेली असते. खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. ऑइल चेंबरवरचे घाव, वाकलेले हात, फाटलेले बुश रॅम्पवर चढवल्यावरच दिसतात. आणि आपल्या रस्त्यांचा विचार करा. जव्हारचा घाट, मोखाडा-त्र्यंबकचा रस्ता, खोडाळ्याहून कसाऱ्याला उतरणारा रस्ता. पावसाळ्यानंतर यांची काय अवस्था होते ते मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर शोभणारी गाडी इथल्या गतिरोधकावर पोट घासते. दुरून डोंगर साजरे, तसं जाहिरातीतल्या गाडीचंही आहे.

अनुमान: धूर आणि धुकं

न्यायशास्त्रातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण धुराचं आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे. गाडीला हे उदाहरण शब्दशः लागू पडतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. टर्बो असलेल्या गाडीत दोष टर्बोचाही असू शकतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट इंजिनात शिरतंय. मग ऑइलचं झाकण उघडा. आत दुधासारखा थर दिसला तर शंका बळावते.

पण नैयायिकांनी एक इशाराही दिला आहे. दुरून वाफ किंवा धूळ पाहून तिला धूर समजाल तर अनुमान चुकेल. मोखाड्यात थंडीच्या सकाळी कोणत्याही चांगल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि इंजिन तापलं की ती थांबते. ती पाण्याची वाफ आहे. तिच्यावरून गाडी नाकारणं चूक, आणि तिच्याकडे बोट दाखवून खऱ्या धुरावर पडदा टाकणाऱ्याचं ऐकणंही चूक.

मीटरवर 30 हजार आहेत म्हणून गाडी कमी चालली, हेही एक अनुमान आहे, आणि ते कच्चं आहे. मीटर मागे फिरवता येतं. म्हणून त्याला दुसऱ्या खुणांनी ताडून पाहा. स्टिअरिंगचं कातडं गुळगुळीत झालंय का? पेडलचं रबर झिजलंय का? सर्व्हिसच्या पावत्यांवर कोणत्या तारखेला किती किलोमीटर लिहिलेत? एक खूण खोटी करता येते, दहा खुणा एकमेकींशी जुळवून खोट्या करणं अवघड असतं.

विम्याच्या कागदातूनही अनुमान निघतं. ज्या वर्षी दावा केला नाही त्याची सवलत पुढच्या हप्त्यात मिळते. ती 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जाते. सहा वर्षं जुनी गाडी, मालक म्हणतो कधी ओरखडा नाही, विमा कधी चुकला नाही, आणि पॉलिसीवर सवलत शून्य. मग मागच्या वर्षी दावा कशाचा केला होता, हा प्रश्न सभ्यपणे विचारा.

गाडी चालवून पाहताना सपाट रस्त्यावर समाधान मानू नका, चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं का, चढाच्या शेवटी तापमानाचा काटा कुठे आहे, हे पाहा. आपला घाट या बाबतीत कुठल्याही वर्कशॉपपेक्षा चांगला परीक्षक आहे.

उपमान: आधी चांगली गाडी ओळखा

उपमानाचं जुनं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसाला कुणीतरी सांगतं की रानात गवय नावाचा प्राणी असतो, तो गाईसारखा दिसतो. मग रानात गेल्यावर तो त्याला ओळखतो. आधीची ओळख नसेल तर समोरचं कळत नाही.

पुणे जिल्ह्यात बनलेल्या दोन गाड्या घ्या. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरचा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रांजणगावची फियाट अबार्थ पुंटो 2015 मध्ये आली, 145 अश्वशक्तीची. खरं म्हणजे या स्पोर्ट्स कार नव्हेत, पण मध्यमवर्गीय हौशी माणसाची स्पोर्ट्स कार ती हीच. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत, म्हणून हौशी लोक जुन्या शोधतात. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स रांगेत हळू सरकताना थोडा अडखळतोच. किती अडखळणं स्वाभाविक आणि किती बिघाड, हे पुस्तकातून कळणार नाही. त्याच मॉडेलची एखादी चांगली राखलेली गाडी आधी चालवून पाहा, मग सौद्याची गाडी चालवा. हा गिअरबॉक्स नीट करायला मोठी रक्कम लागते आणि तो हाताळणारा माणूस मोखाड्यात काय, जव्हारलाही सापडणं कठीण.

शब्द: कुणाचं ऐकायचं

चौथं प्रमाण शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. अशा माणसाला आप्त म्हणतात. आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. शास्त्रातला अर्थ वेगळा आहे. ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. वात्स्यायनानं स्पष्ट केलं आहे की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू आहे. जात, कूळ, पदवी इथे विचारायची नाही.

आता पाहा. विकणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे, पण आहे तशी सांगण्यात त्याचं नुकसान आहे. मामाच्या मुलाला तुमचं भलं हवं आहे, पण गाडीतलं ठाऊक नाही. कमिशनवरच्या एजंटाकडे दोन्ही गोष्टी असतीलच असं नाही. म्हणून ज्याचा सौद्यात एक रुपयाही नाही आणि ज्यानं त्या बनावटीच्या गाड्या खोलल्या आहेत, असा मेकॅनिक पैसे देऊन बरोबर न्या. विश्वास तर पानिपतावरच गेला, असं आपण थट्टेनं म्हणतो. पण विश्वास टाकल्याशिवाय व्यवहार होत नाही. तो कुणावर टाकायचा एवढंच ठरवायचं असतं.

विकणाऱ्याचा शब्दही वाया घालवू नका. अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, मीटर बदललेलं नाही, एवढं सहीनिशी लिहून मागा. बोललेला शब्द हवेत जातो, लिहिलेला उद्या वादात उभा राहतो.

कागद

गाडी लोखंडाची असते, पण मालकी कागदाची असते. सौद्याआधी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नोंदणी, विमा, पीयूसी, थकलेली चलनं आणि बोजा आहे का ते पाहा. मग चॅसी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून आरसीशी अंकन्‌अंक ताडा.

हे का, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे आणि ते स्पोर्ट्स कारचंच आहे. डीसी अवंती ही भारतीय बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी या गाड्यांबाबत गुन्हा नोंदवला. पोलिसांचा आरोप असा होता की एकाच इंजिन आणि चॅसी क्रमांकावर दोन राज्यांत नोंदणी झाली, आणि एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जं उचलली गेली. हे आरोप आहेत, निकाल म्हणून मी ते सांगत नाही. पण घेणाऱ्यासाठी धडा स्वच्छ आहे. गाडी डोळ्यांसमोर उभी आहे, खरी आहे, आणि तरीही तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क असू शकतो. प्रत्यक्षाला इथे मर्यादा पडते.

आरसीवर कर्जदात्याचं नाव असेल, ज्याला आपल्याकडे एचपी म्हणतात, तर ती उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्ज बाकी असेल तर ती रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. मग कर्जदात्याची एनओसी आणि फॉर्म 35 घ्या. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवायचं असतं. परराज्याचं पासिंग असेल तर तिथली एनओसी आणि इथला कर, दोन्ही हिशेबात धरा.

विकणाऱ्यांनीही ऐका. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी किती हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. गाडी देऊन मोकळं होता येत नाही, नाव उतरल्यावरच मोकळं होता येतं. विम्याचंही तसंच. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

मोठा आवाज करणारा सायलेन्सर, बदललेली संगणक प्रणाली, रुंद टायर, असं काही केलेली गाडी असेल तर सांभाळा. बनवणाऱ्यानं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल कायद्याला मान्य नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहते.

कर्ज: स्वतःबद्दलचं अनुमान

चार्वाकाच्या नावावर एक सल्ला खपवला जातो, कर्ज काढा पण तूप प्या. चार्वाकाची एक गंमत आहे. तो अनुमान मानत नाही, उद्याचं काही सांगता येत नाही म्हणतो. आणि कर्ज म्हणजे तर निव्वळ उद्याबद्दलचं अनुमान आहे. पुढची 36 महिने मी दर महिन्याला इतके पैसे भरू शकेन, असं विधान आपण सही करून देतो.

व्याजाचा दर ऐकताना एकच प्रश्न विचारा, फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर? 2 लाख रुपये, 3 वर्षं, 12 टक्के. घटत्या शिल्लकेवर हप्ता येतो साधारण 6,643 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 39 हजार. फ्लॅट असेल तर व्याज 72 हजार आणि हप्ता 7,556. दर दोन्हीकडे 12 च सांगितला. फ्लॅटमध्ये तुम्ही निम्मं मुद्दल फेडलंत तरी व्याज पूर्ण 2 लाखांवरच मोजतात. खऱ्या हिशेबानं तो दर 21 टक्क्यांच्या वर जातो. शब्द तोच, अर्थ दुसरा. तर्कशास्त्रात याला छल म्हणतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जासोबत मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठीत मागा. तुमचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका.

हप्ता किती झेपेल हे सगळ्यात चांगल्या महिन्यावरून ठरवू नका. सगळ्यात वाईट महिना घ्या. आपल्याकडे तो बहुधा पावसाळ्यात येतो, लावणी चालू असते आणि रोख हातात नसते. त्या महिन्यात जो हप्ता भरता येईल तोच खरा. आणि हप्त्याशिवाय विमा, टायर, दुरुस्ती यांचे पैसे वेगळे काढा. स्वस्त मिळालेल्या महागड्या गाडीचे सुटे भाग महागड्या गाडीच्याच भावानं येतात.

या भागाला कर्जाचा अर्थ पुस्तकातून शिकायची गरज नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आधी उचल घेतात आणि मग महिनोन्‌महिने ती अंगावर फेडतात. उचल म्हणजे अजून न आलेले दिवस आधीच विकणं. हप्त्यावरची गाडीही तेच करते. पिकअप असेल तर ती निदान भाजी वाहून, माणसं वाहून ते दिवस परत आणू शकते. स्पोर्ट्स कार ते आणत नाही, आनंद देते. आनंदाला माझा विरोध नाही. माणसानं हौस करावी. पण हौस शिलकीतून केली तर ती आपली राहते, उचलीतून केली तर ती मुकादमाची होते.

शंका-समाधान

एका तरुणानं चिठ्ठीत विचारलं आहे, "सर, एवढं सगळं पाहिलं तरी फसलो तर?"

शक्य आहे. प्रमाणं वापरल्यानं चूक अशक्य होत नाही, ती कमी होते, आणि झाली तर कुठे झाली हे कळतं. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली असेल आणि त्यानं खोटं सांगितलं असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तेव्हा तो लिहून घेतलेला कागद, पावत्या आणि बँकेतून दिलेली रक्कम कामाला येते. रोखीचा आणि तोंडी सौदा तिथे मुका होतो.

दुसरी चिठ्ठी, "मालक म्हणतो आजच टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय."

येऊ द्या. तुम्हाला गाडी कळायला जो वेळ लागतो तोच त्याला कापायचा आहे. गाडी गेली तर दुसरी मिळेल. म्हशाच्या यात्रेत दात मोजून होईपर्यंत कुणी रुमालाखाली हात घालत नव्हतं. तेवढं पाळा, बाकीचं जमेल.